बिस्किटक्का, दोष तुझा नव्हता

अकरा वर्षं जे कुणालाच सांगितलं नाही, ते पहिल्यांदा तुला सांगतो. तुला ते ठाऊकच आहे म्हणा, तुझ्याच पोटाखाली घडलं ते. पण ठाऊक असणं वेगळं आणि करणाऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. त्या खंडेनवमीच्या दुपारी तुझ्या डिझेलच्या पाइपचा जोड मी सैल केला. अण्णानं नव्हे. तूही तो आपणहून सोडला नाहीस. मी केला. हातात पाना होता आणि पान्यावर पूजेचं ओलं कुंकू होतं.

एवढं लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन आलो. चिंचेखाली तू उभी असायचीस तिथं आता एक लांबट चौकोन उरलाय. मंगळवारी तुला ओढून नेलं. इतकी वर्षं तुझ्याखाली ऊन शिरलं नव्हतं, म्हणून तेवढीच माती अजून काळसर आहे. शेजारचं मांजर त्या चौकोनाला वळसा घालून जातं, जणू तू अजून आहेस. मीही वळसा घालूनच जातो.

तू गेल्यापासून डोळा लागला की एकच स्वप्न पडतं. तू चालली आहेस. चालवणारं कुणी नाही, पण तुला रस्ता ठाऊक आहे. मागच्या बाकावर मी आडवा पडलोय आणि चार खिडक्यांचे चार पडदे श्वास घेतल्यासारखे आत-बाहेर होतायत. बाहेरून कधी सवदत्तीचा डोंगर जातो, कधी कारवारचं पाणी, आणि मधेच, काही संबंध नसताना, आमचं दाजीबानपेठेतलं कापडाचं दुकान जातं. दार उघडं, आत अण्णा गिऱ्हाइकाशी बोलतोय. तू हळू होतेस, मी हाक मारावी म्हणून. मी मारत नाही. स्वप्नातसुद्धा मारत नाही. मग तू पुन्हा वेग घेतेस.

तू आमच्या दारात आलीस तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझा थोरला भाऊ, अण्णा, तेहतीसचा. बंद पडलेल्या एका बिस्किटांच्या कारखान्याची माल पोचवणारी व्हॅन तू. दुधी रंग, बाजूला पुसट निळा पट्टा. अण्णानं तुला लिलावात घेतलं, आणि वहिनी कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी राहिली.

"लग्नाला चार वर्षं झाली न्हाईत, तवर सवत आणलासा की."

"सवत कशाची? नणंद म्हण."

"नणंद? मग पाया पडायला पायजे बाई. तोंडावरनं तापट दिसायलीय."

आणि खरंच वाकून तिनं तुझ्या पुढच्या चाकाला हात लावला. आम्ही हसलो. तू दुसऱ्या दिवशी सुरू झाली नाहीस तेव्हा ती एकटीच हसली.

उन्हात तुझ्या फळ्या तापल्या की आतून बिस्किटांचा वास यायचा. कारखाना बंद पडून वर्षं झाली होती, पण लाकडानं तो वास सोडला नव्हता. गल्लीतली मुलं तुझ्या मागच्या दाराला नाक लावायची. नाव त्यांनीच ठेवलं. इकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. बिस्किटांची अक्का, ती बिस्किटक्का.

अण्णानं तुझं घर केलं. कुणाकडं शिकायला गेला नव्हता तो, पण त्याच्या हातांना वस्तू आपलं म्हणणं सांगायच्या. दोन बाक केले, ते पसरले की पलंग व्हायचे. बाकांखाली खणांचे आणि लुगड्यांचे गठ्ठे. एक पेटी, तिचं झाकण उघडलं की शेगडी आणि ओटा. मागचं दार खाली सोडलं की तीच दुकानाची फळी. पडदे दुकानात उरलेल्या तुकड्यांचे, त्यामुळं एकाला एक जुळायचा नाही. एक हिरवा, एक डाळिंबी, एक हळदी, एक जांभळ्या काठांचा. परमुलखात सकाळी ऊन वर आलं की त्या रंगांत बसून आम्ही तिघं चहा घ्यायचो. अण्णाचं तोंड डाळिंबी, वहिनीचे हात हळदी, आणि माझ्या वाट्याला नेहमी हिरवा कोपरा.

"तम्मा, तू कच्चाच राहिलास बघ," अण्णा म्हणायचा. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. माझं ठेवलेलं नाव घरात कुणी वापरलंच नाही.

सोळा वर्षं आपण जत्रा केल्या. मला आता त्यांची क्रमवारी लागत नाही. सगळ्या एकात एक मिसळल्यात, रंग जाणाऱ्या कापडांसारख्या. बदामीच्या बनशंकरीला तळ्याच्या पायऱ्यांवर तुझी सावली पडायची आणि पाण्यात तू उलटी, चाकं वर करून निजल्यासारखी दिसायचीस. शिरसीला मारिकांबेच्या जत्रेत पाळण्याचे दिवे तुझ्या काचेवरून फिरत राहायचे, आणि आत पडल्या पडल्या वाटायचं की जत्रा जागेवर आहे, आपणच फिरतोय. एकदा यल्लापूरच्या रानात सकाळी असं धुकं उतरलं की अण्णानं तुला थांबवलं. रस्ता गेला, झाडं गेली. चहूकडं नुसतं पांढरं, मधे तू, आणि तुझ्यात आम्ही.

"आत्ता आपण कुठं आहोत हो?" वहिनीनं विचारलं.

"गाडीत," अण्णा म्हणाला.

वहिनी चिडली. मी मात्र त्या उत्तरात आजवर राहतोय. तेवढा पत्ता मला पुरेसा होता. त्याच्यापुढं कुठं पोचायचं मला सुचलंच नाही.

आपला एक वाद मात्र कधी मिटला नाही. तुला मागं जायला आवडायचं नाही. रिव्हर्स टाकला की तू असा खडखडाट करायचीस की बाजार वळून बघायचा. अण्णा म्हणायचा, "मानी बाई आहे, मागं बघायची नाही." मी म्हणायचो, मागं येता येत नाही ती कसली गाडी. लांब जाताना मला नेहमी परतीचा रस्ता आधी दिसायचा आणि तुला पुढचा. शेवटी तू जन्मात एकदाच बिनआवाज मागं गेलीस. ती माझ्यामुळं.

कशामुळं, ते सांगतो. कारण ऐकलंस तर हसशील, इतकं ते लहान आहे.

अण्णा बोलायचा आणि मी मापायचो. आमचं दुकान एवढ्यावर चालायचं. फळीवर असो नाहीतर पेठेतल्या गादीवर, बाई समोर आली की अण्णाचं सुरू. "या अक्का, बसा की. घेऊ नका, नुसतं बघा. हा खण तुमच्या अंगावर गेला न्हवं, देवी विचारंल, कुठनं घेतलीस गं?" बायका हसायच्या, शेजारणीला बोलवायच्या, कन्नडात त्याला टोमणे मारायच्या आणि तो कन्नडातच परत करायचा. मी मागं उभा. गज धरायचा, माप सांगायचं, गप्प बसायचं. कापायचा मात्र तोच. खूण न करता, एका दमात. कात्री चालवायचा नाही, नुसती सरकवायचा, आणि कापड आपणहून त्याला वाट द्यायचं. त्याच्या हाताचं कापलेलं पुन्हा नीट करायला लागलंय असं मी एकदाही पाहिलं नाही.

मग एका सकाळी, भाकरीचा तुकडा मोडता मोडता तो म्हणाला, "तम्मा, दुकान आता तू बघ. आम्ही दोघं बिस्किटक्काला घेऊन जायलोय. वर्षभर तरी. समुद्र धरून खाली कन्याकुमारीपर्यंत, मग पलीकडच्या अंगानं वर."

"बरं," मी म्हणालो.

त्यांना मूलबाळ नव्हतं, माझं लग्न झालं नव्हतं. त्यांना आयुष्यात एकदा माल न भरता जायचं होतं, गठ्ठ्यांच्या जागी पुस्तकं आणि लोणची घेऊन. यात काय चूक होतं? काहीच नाही. पण त्या दुपारी दुकान बंद करून मी एकटा गादीवर बसलो आणि रिकाम्या जागेला म्हणून बघितलं, "या अक्का, बसा." तो आवाज ऐकून मलाच लाज वाटली. वर्षभर मला रोज हे करायचं होतं. कुणी विचारणार, नवीन काय आलंय? आणि मी गज धरून उभा राहणार. बेचाळीस वर्षांचा माणूस बोलायला घाबरतो, हे कुणाला सांगायचं?

अण्णाला सांगितलं असतं तर तो थांबला असता. हेच मला झोपू देत नाही. "अण्णा, जाऊ नको, मला भीती वाटते," एवढंच म्हणायचं होतं. त्यानं मला टपली मारली असती, महिना-दोन महिने थांबून शिकवलं असतं. पण ती दोन वाक्यं माझ्या घशातून आली नाहीत आणि त्यांच्याऐवजी हातातून ते दुसरं आलं.

लांबच्या प्रवासासाठी अण्णानं तुला दुसरी टाकी बसवली होती, तिच्यापासून नवा पाइप ओढला होता. नवमीच्या आदल्या दिवशी तो तुझ्याखाली पाठीवर झोपून एकेक जोड आवळत होता आणि वहिनीला ओरडून सांगत होता, "हा झाला. हापण झाला. आता ह्यो जोड माझ्याआधी मरायचा न्हाई!" मी शेजारी उभा होतो. मी ऐकलं ते.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पूजतात. कात्री, गज, अण्णाचे पाने, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, कुंकू लावायचं. आणि आमच्या घरची रीत अशी की एकदा पाटावर बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी बन्नी वाटून होईपर्यंत कुणी उचलायचं नाही. बन्नी म्हणजे शमीची पानं, दसऱ्याचं सोनं. हत्यारांनाही वर्षातून एक दिवस विसावा, असं आमचे वडील, अप्पा, म्हणायचे. अण्णा दसऱ्याला, बन्नी दिल्या दिल्या, सीमोल्लंघनालाच निघणार होता. म्हणजे नवमीनंतर जे सैल होईल ते त्याला पुन्हा तपासता येणार नव्हतं. परक्या माणसाला हे सुचलंच नसतं. हे घरच्यालाच सुचतं.

पुरणाची होळगी खाऊन घर झोपलं होतं. मी पाटावरून तेरा नंबरचा पाना उचलला. तुझ्याखाली सरकलो. तुझं पोट कोमट होतं आणि फळ्यांतून बिस्किटांचा वास खाली झिरपत होता. जोड घट्ट होता, बिस्किटक्का. फार घट्ट होता. मला दोन्ही हात लावावे लागले. अर्धा आटा फिरवला, पाना पुसला, पुन्हा पाटावर ठेवला, कुंकवाचं बोट लावलं. मला वाटलं होतं, तू सुरूच होणार नाहीस. फार तर गल्लीच्या तोंडाशी बंद पडशील, लोक हसतील, मुहूर्त मोडला म्हणून वहिनी म्हणेल पुढच्या वर्षी बघू. एवढंच मला हवं होतं. एक वर्ष.

दसऱ्याला तू पहिल्या किल्लीला सुरू झालीस.

त्याआधी अण्णानं मला बन्नी दिली होती. इकडं म्हणतात तसं म्हणाला, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." पानं घे, सोन्यासारखे राहू. जुनं काही मनात ठेवायचं नाही, अशी त्या पानांची बोली. मीही तेच म्हणालो, त्याच शब्दांत. त्यानं मला छातीशी धरलं आणि माझ्या तळहातावरचं कुंकू त्याच्या नव्या सदऱ्याला लागलं.

लांब जाणाऱ्याला पाण्यापर्यंत पोचवायचं, ही आमची आणखी एक रीत. म्हणून मी तुझ्यात बसून उणकलच्या तळ्यापर्यंत आलो. हिरव्या कोपऱ्यात बसलो होतो. प्रत्येक चौकात वाटायचं, आता. तू चालतच राहिलीस. टाकी काठोकाठ भरलेली, रस्ता सपाट, तू निभावून नेत होतीस. मला वाटलं, माझं पाप तू गिळलंस. मला वाटलं, वाचलो.

तळ्यावर संध्याकाळचं ऊन पसरलं होतं. मी उतरलो. वहिनीनं खिडकीतून डबा दिला, "भाऊजी, दोन दिवसांची चटणी हाय. दुकानात नुसता चहा पिऊन बसू नका." अण्णानं इंजिन चालूच ठेवलं आणि माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

"तम्मा, तुला कायतरी सांगायचंय का मला?"

"काही नाही."

"नक्की?"

"काही नाही रे. जा तू."

काही नाही. हे दोन शब्द मी जन्मभर वापरले, पण इतके महाग कधी पडले नव्हते. तू गेलीस. तुझ्या मागच्या काचेत तळं हललं आणि निघून गेलं.

अमरगोळच्या पुढं चढ लागतो. चढावर टाकीतलं डिझेल मागं सरकलं, सैल जोडातून पाइपनं हवा ओढली आणि तुझा श्वास तुटला. इंजिन गेल्यावर ब्रेक दगडासारखा झाला. अण्णा पायावर उभा राहिला तरी तू थांबली नाहीस. तू मागं मागं, एक आवाज न करता गेलीस आणि चाक गटारात जाऊन कलंडलीस. वहिनी मागं चहाचं आधण ठेवायला उठली होती. शेगडीची पेटी तिच्या डाव्या मनगटावर आली.

निरोप मिळून मी पोचलो तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं. मिस्त्री तुझ्याखाली पडून होता आणि अण्णा रस्त्याच्या कडेला मातीत बसला होता. मिस्त्री बाहेर आला, हातावरचं डिझेल पुसत हसला. "काय हे साहुकार! नटावर कुंकू लावलासा, आवळायचं विसरलासा? पूजी माडीरि, टाइट माडिल्लरि!" पूजा केली, पण आवळलं नाही. त्याला माहीत नव्हतं ते कुंकू कुणाच्या हाताचं. अण्णानं नटाकडं बघितलं, मग आपल्या दोन्ही हातांकडं. उलटे करून, सुलटे करून. मी तिथं चार पावलांवर उभा होतो. मी म्हणालो, "दवाखान्यात जाऊया."

मिस्त्रीचं ते वाक्य पेठेत पसरलं. अजून कुणी दुकानाला कुलूप लावायला विसरला की म्हणतात. सगळ्यात आधी अण्णाच म्हणतो.

तुला मीच परत आणलं. अर्धा आटा आवळायला मिस्त्रीला एक मिनिट लागलं. तू रेशमासारखी चाललीस त्या दिवशी, इतकी की मला रडू आलं नाही, भीती वाटली. तू रागावली असतीस, रस्त्यात हटून बसली असतीस तर बरं झालं असतं. तू काहीच केलं नाहीस. माझ्यासारखीच गप्प राहिलीस. पण तुझं गप्प राहणं आणि माझं, यात फरक आहे. तू दुसऱ्याचा दोष पदरात घेऊन गप्प होतीस.

मला जे हवं होतं ते मिळालं. अण्णा गादीवर परत आला. पण त्याचं बोलणं तिकडंच चढावर राहिलं. बाई समोर आली की तो माझ्याकडं बघायचा. आणि कात्री त्यानं पुन्हा धरली नाही. "तू काप तम्मा. माझ्या हाताचा भरवसा न्हाई." गॅसचं बटण तीनदा बघतो. कुलूप लावून जिना उतरतो आणि परत चढतो. वहिनीचं मनगट जुळलं, पण पूर्ण वळत नाही. ती भाकरी थापायची तेव्हा तुझ्या पत्र्यावर ताल धरल्यासारखा आवाज यायचा, आता लाटते, आणि पाहुण्यांना सांगते, "आमच्या यजमानांनी हात मोडला हो माझा, न मारता!" ती थट्टा करते. अण्णा हसतो. मी ताटात बघतो.

आणि बोलायला कोण शिकलं, माहीत आहे? मी. "या अक्का, बसा की." अण्णाचीच वाक्यं, अण्णाच्याच लकबीत. नवी गिऱ्हाइकं म्हणतात, धाकटे मालक फार बोलके. ज्याची भीती वाटून मी तुझा जोड सैल केला, ते मला सहा महिन्यांत जमलं होतं.

नंतर उणकलला घर झालं. वर ते दोघं, खाली मी, चिंचेखाली तू. अण्णानं तुला विकलं नाही आणि चालवलंही नाही. कधी कधी दुपारी मी तुझ्यात येऊन बसायचो. हिरवा पडदा विरून पांढरा झाला होता, तरी तू मला तो कोपरा दिलास. किती वेळा तिथं बसून मनात सगळं जुळवलं, वर जाऊन काय सांगायचं ते. दार उघडून उतरलो की शब्द तुझ्यातच राहायचे. त्याबद्दल तुझे आभार मानायचे की तुला बोल लावायचा, मला ठरवता येत नाही. तू नसतीस तर मी गुदमरलो असतो. तू नसतीस तर कदाचित बोललोही असतो.

मंगळवारी सकाळी तुला भंगारात न्यायला माणसं आली. पत्रा झिजून खालून दिवस दिसत होता, कागदांची मुदत कधीच संपली होती. अण्णा जिना उतरून आला. वहिनीच्या हातात तबक होतं.

"सासरी निघालीय, ओटी भरल्याशिवाय कशी पाठवू?" ती म्हणाली. "खण आणलासा न्हवं दुकानातनं?"

मी अख्खं ठाण घेऊन आलो होतो. वहिनीनं कात्री काढली आणि माझ्याकडं न देता अण्णापुढं धरली. "आज तुम्ही कापा. तिच्यासाठी तरी."

अण्णानं कात्री घेतली. बोटं आत घातली. कापडावर टेकवली. ओढणारी माणसंसुद्धा उगाच थांबली होती. मी तिथंच होतो, बिस्किटक्का, हातभर अंतरावर. आत्ता, मला वाटलं, आत्ता म्हण. म्हणजे तो कापेल.

अण्णानं बोटं सोडवून घेतली. "तम्मा कापंल," म्हणाला. "वाकडा गेला तर जाताना तिला वाईट वाटंल. माझ्या हातानं आधीच एकदा दगा दिलाय तिला."

मी कापला. सरळ गेला. वहिनीनं खण, नारळ आणि तांदूळ तुझ्या चालकाच्या जागेवर ठेवले. अण्णानं तुझ्या दुधी पत्र्यावर तळहात टेकला आणि हळूच म्हणाला, "माफ कर हं बाई." तो तुझी माफी मागत होता. माझ्यासमोर. आणि मी खणाचं उरलेलं ठाण गुंडाळत उभा होतो.

तू गेलीस. साखळीनं ओढलेली गाडी इतकी नम्र दिसते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुझ्याजवळ माझं फार काही मागणं नाही. यल्लापूरच्या धुक्यात तू आम्हाला पोटात घेऊन उभी राहिलीस, त्याला मोल नाही. मला न बोलता राहता येईल अशी एकच जागा जगात होती आणि ती तू होतीस. पण तुझं नाव खराब झालं ते झालंच. जत्रेतल्या जुन्या गिऱ्हाइकांनी विचारलं की आम्ही सांगायचो, गाडीनं दगा दिला. मीही सांगायचो. तुझ्यापुढं मी आज खरं बोललोय, पण तुझ्यापुढं बोलणं सोपं आहे. तू आता ऐकत नाहीस.

अण्णा साठीला आलाय. हे लिहिलेलं मी कुणाच्या हाती देण्याआधी, त्याला वाचायला मिळण्याआधी, मला जिना चढून त्याच्यासमोर बसायला हवं. त्याला हे कागदावरून कळता कामा नये. मागच्या चार दिवसांत दोनदा अर्ध्या जिन्यापर्यंत गेलो. एकदा वहिनीनं वरून विचारलं, "काय पायजे होतं भाऊजी?" मी म्हणालो, दूध आहे का बघायला आलो.

अण्णाचा हात कधीच चुकला नव्हता. जोड त्यानं पक्का आवळला होता, तो मी सैल केला. वहिनीचं मनगट माझ्यामुळं गेलं. हे दोघांना तोंडानं सांगण्याचं देणं मी लागतो, आणि अजून सांगितलेलं नाही.